ज्याचं त्याच्या तोंडावर

सरांना एका जागी बसवणं हे आमच्या डिपार्टमेंटमधलं सगळ्यात अवघड काम होतं आणि ते कुणालाच जमलं नाही. हैदराबादला कोठीच्या बाजूला आमचं कॉलेज. तिथं राज्यशास्त्र विभागात सरांची खुर्ची होती, खुर्चीच्या पाठीवर टॉवेल होता, टेबलावर चष्म्याचं घर होतं. सर तेवढे नसायचे. कुणी भेटायला आलं की शिपाई म्हणायचा, "साब अब्बीच इदर थे." हे इतकं नेहमीचं होतं की तशी पाटीच दारावर लावली असती तरी चाललं असतं.

शिकवायचे तेही चालत. फळ्यापासून सुरुवात, दोन बाकांच्या मधून मागं, मागच्या दारानं बाहेर, व्हरांड्यातून फेरी मारून पुढच्या दारानं आत. आणि बोलणं चालूच! राज्यपालांचे अधिकार आम्ही अर्धेच शिकलो, उरलेले व्हरांड्यातल्या कबुतरांनी ऐकले. नवीन मुलं गोंधळून जायची. जुनी मुलं दोन्ही दारांजवळच्या जागा पकडायची.

सर आता बंगळुरूला लेकीकडे असतात आणि फोनवर तिथल्या लोकांना रांगेत उभं राहायची अक्कल नाही म्हणून कुरकुरतात. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, मग त्यांच्या हाताखाली संशोधन करणारी, मग त्याच विभागात कंत्राटी शिक्षिका. म्हणजे माझी तरुणपणाची वर्षं या माणसाच्या मागं चालण्यात गेली, आणि हे मी अलंकारिक बोलत नाही. प्रबंधावर चर्चा करायची तर सरांबरोबर जामबागेतून निघायचं, फुलबाजाराच्या गर्दीतून वाट काढायची, आणि त्यांनी "हं, तिसऱ्या प्रकरणात तू म्हणतेस..." म्हटलं की एका हातानं कागद आणि दुसऱ्या हातानं ओढणी सांभाळत उत्तर द्यायचं. माझ्या चपला त्या तीन-चार वर्षांत जितक्या झिजल्या तितक्या आयुष्यात झिजल्या नाहीत.

पेपर तपासताना त्यांचा एकच शेरा. कुणी लिहिलं "असा निर्णय घेण्यात आला", की समासात लाल शाईनं "कोणी?" कुणी लिहिलं "जनतेचं मत बदललं", की "कोणाचं? गल्ली सांग." माझं पहिलं प्रकरण परत आलं तेव्हा पानांना गोवर आल्यासारखं दिसत होतं. रागानं रडूच आलं मला. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "अगं, घरीसुद्धा हेच. दूध उतू गेलं म्हटलं की विचारतात, कोणी लक्ष दिलं नाही? आणि हे स्वतः ओट्याशी उभे!"

त्यांचं संशोधन ऐकलं की लोक आधी हसायचे. सर रांगांचा अभ्यास करायचे. मतदानाची रांग, रेशनची रांग, गॅसची, आधारची, दवाखान्यातली. त्यांचं म्हणणं असं की माणसाला सरकार भेटतं ते रांगेत. पुढं कोण घुसतं, घुसणाऱ्याला कोण बोलतं आणि कोण गप्प बसतं, हे बघितलं की त्या गल्लीत निवडणुकीला काय होणार ते कळतं. म्हणून सर कुठल्याही रांगेत जाऊन उभे राहायचे. काम काही नसायचं! खिडकी आली की आतल्या माणसाला म्हणायचे, "कुछ नक्को साब, देखने आया था," आणि बाजूला व्हायचे. एकदा एका मोठ्या नियतकालिकानं त्यांचा लेख परत पाठवला आणि विचारलं, तुमची अभ्यासपद्धती कोणती? सरांनी उत्तर लिहिलं, "उभं राहणं." लेख काही छापून आला नाही.

माझे बाबा सिकंदराबादला रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीवर होते. त्यांची आणि सरांची ओळख माझ्या आधीची, आणि ती भांडणाची. तासाभराची रांग सरकत सरकत खिडकीशी आलेला हा सडपातळ माणूस बाबांना म्हणाला, मला तिकीट नको. बाबा भडकले. "तिकीट नको तर कशाला आलात? मागं लोक उभे आहेत!" तर सर म्हणाले, "त्यांनाच तर बघतोय." बाबांनी घरी येऊन आईला सांगितलं की आज एक येडा आला होता आणि वर तो मराठी निघाला. पुढं मी कॉलेजात गेले, सरांचं कौतुक सांगायला लागले आणि वर्णन जुळलं, तेव्हा बाबांनी कपाळावर हात मारला. "त्याच्याकडं शिकतेस? मग तू काय तिकिटाशिवायच राहणार!"

आता टीव्हीचं. निवडणुका आल्या की सरांना तिन्ही भाषांतल्या चॅनलांचे फोन यायचे. तेलुगू त्यांना आमच्या कॉलेजातल्या शिपायाइतकं चांगलं यायचं, उर्दू त्याहून चांगलं, आणि महाराष्ट्रातल्या वाहिन्या त्यांना व्हिडिओवर घ्यायच्या. स्टुडिओतली गोल फिरणारी खुर्ची मात्र त्यांना चालेना. बोलता बोलता सर कॅमेऱ्याकडं पाठ करायचे. शेवटी एका चॅनलनं त्यांच्यासाठी प्लॅस्टिकची साधी खुर्ची आणून ठेवली, तर हे त्या खुर्चीच्या कडेला असे टेकायचे की बघणाऱ्याला वाटावं, यांची बस सुटतेय.

एका निवडणुकीत मी तिन्ही भाषांमधले सर एकाच दिवशी ऐकले आणि चक्रावले. सकाळी तेलुगूत बोलले ते मतांसाठी पाकीट घेणाऱ्यांवर आणि उमेदवाराची जात आधी विचारणाऱ्यांवर. दुपारी उर्दूत पाकिटाचा उल्लेख नाही. तिथं म्हणाले, "साल भर होटल में बैठको हुकूमत गिराते तुम लोगां, और वोट के दिन चार बजे तक पंखे के नीचे पडको रहते! घर में अम्मी का नाम लिस्ट में है क्या, कभी पूछे?" संध्याकाळी मराठीत यातलं काहीच नाही. मराठीत आपल्या लोकांना धुतलं. मतदानाची सुट्टी लागली की तुमची बॅग भरलेली, आणि घर भाड्यानं द्यायचं तर आधी आडनाव विचारता, म्हणाले.

मी दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्यांना गाठलं. बस निम्मी रिकामी, तरी हे दांडा धरून उभे. म्हटलं, "सर, हे काय? तीन ठिकाणी तीन गोष्टी? लोक दुटप्पी म्हणतील."

"तिन्ही खऱ्या आहेत का नाहीत?"

"आहेत."

"मग? हे बघ, शेजाऱ्याच्या पोराला शिस्त नाही, हे मी माझ्या घरात तुला सांगितलं तर ती चुगली. त्याच्या बापाला त्याच्या घरी जाऊन सांगितलं तर ती काळजी. शब्द तेच असतात गं. ज्याचं त्याच्या तोंडावर बोलायचं."

"आणि बापानं हाकलून दिलं तर?"

"हौ, देतोच की. मग दुसऱ्या दिवशी परत जायचं."

म्हणजे हा माणूस ज्याच्या घरात बसायचा त्याचीच उणीदुणी काढायचा. परिणाम व्हायचा तोच झाला. तिन्ही भाषांत शिव्या खाणारा असा दुसरा प्राध्यापक या शहरात नसेल. चॅनलवाले खूश, कारण फोन वाजायचे. काकू वैतागलेल्या, कारण ते घरीही वाजायचे.

शिव्यांचं सरांना काही वाटायचं नाही. दुखायची ती एकच जागा, आणि ती म्हणजे आपलं मराठी मंडळ. मी कॉलेजात असताना मंडळानं एकदा त्यांना व्याख्यानाला बोलावलं होतं. हैदराबादच्या मराठी माणसाचं कौतुक ऐकायला सगळे नटूनथटून आले. सरांनी उभं राहून विचारलं, तुमचा नगरसेवक कोण? कुणाला नाव सांगता येईना. "तीन पिढ्या इथलं पाणी पिता आणि विचारलं की म्हणता, आम्ही मूळचे तिकडचे. मग इथं काय पाहुणे म्हणून राहता?" झालं! त्यानंतर मंडळानं त्यांना स्टेजवर चढू दिलं नाही. सर मात्र वर्गणी भरत राहिले, गणपतीला जात राहिले, मागं खांबाला टेकून उभे राहत राहिले. दरवर्षी मंडळाची पत्रिका आली की वक्त्याचं नाव आधी बघायचे आणि म्हणायचे, "हं." दिल्लीहून मिळालेलं मानपत्र त्यांनी माळ्यावर टाकून दिलं होतं, आणि या "हं"साठी काकू दोन दिवस त्यांची समजूत घालायच्या. आपल्या माणसांनी एकदा तरी आपल्याला आपलं म्हणावं, एवढंच त्यांना पाहिजे होतं. ते बोलून दाखवायचे नाहीत, पण मला दिसायचं आणि माझा जीव तुटायचा.

गेल्या खेपेच्या निवडणुकीत सर तिन्हीकडं पुन्हा तेच बोलले आणि एक क्लिप आली. उर्दू चॅनलवरचं सरांचं बोलणं कुणीतरी कापून मिनिटभराचं केलं. पंखा, हॉटेल, अम्मी, सगळं त्यात. बाबा तोवर निवृत्त होऊन मंडळाचे चिटणीस झाले होते. त्यांनी ती मंडळाच्या ग्रुपवर टाकली. वर लिहिलं, "ऐका! आपल्या सरांनी त्यांना कसं धुतलं!" आणि टाळ्या वाजवणारे हात. आम्हा हैदराबादी मराठी माणसांना इथल्या दखनी उर्दूचं भाषांतर लागत नाही. संध्याकाळपर्यंत ती क्लिप माझ्या नांदेडच्या मावशीपर्यंत पोचली.

"काय बोलला हो हा माणूस!" बाबा खूश. "आपण उगीच गैरसमज करून घेतला होता."

"बाबा, ते त्यांच्याशी बोलले, तुमच्याशी नाही."

"तेच तर! आमच्याशी बोलले तेव्हा आम्हाला राग आला होता."



त्याच आठवड्यात सर डिपार्टमेंटमध्ये आले ते पाय आपटत. तारनाक्याला त्यांच्या घराच्या कोपऱ्यावर इराणी हॉटेल आहे. तिथं रोज सकाळी उभ्यानं चहा प्यायचे. त्या दिवशी हॉटेलवाल्यानं पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "आप का मराठीवाला देखे साब, नीचे उर्दू में लिखको आया था. आडनाम-वाली बात! क्या धोए आप उन लोगां को!" बाकीच्या गिऱ्हाइकांनी येऊन हात मिळवले. वर्षानुवर्षं त्यांच्याशी भांडणारी माणसं, आज गळ्यात पडत होती.

"माझी चुगली झाली," सर म्हणाले. व्हरांड्यातून दोन फेऱ्या मारून आले आणि पुन्हा म्हणाले, "अगं, मी मराठी माणसांबद्दल बोललो मराठी माणसांशी, आणि मजा घेतली यांनी! कोणी केलं हे?" यावेळी "कोणी"ला उत्तर नव्हतं. सगळ्यांनीच केलं होतं.

आणि दोनच दिवसांनी बाबांनी मला निरोप दिला. मंडळाच्या वर्धापनदिनाला सरांचा सत्कार करायचं ठरलंय, शाल, श्रीफळ आणि भाषण. तू विचार, तुझं ऐकतील.

मी गेले. सर घरी गॅलरीत येरझाऱ्या घालत होते. सांगितलं. सर थांबले.

"मंडळानं? माझा?"

"हौ सर."

तो चेहरा मी विसरणार नाही. सहा-सात वर्षांच्या पोराला जत्रेला नेतो म्हणावं तसा झाला. "अगं, ऐकलं का," असं ओरडत ते आत गेले, सिल्कचा झब्बा कुठाय विचारलं, बाहेर आले, भाषणात रांगांबद्दल बोलू का म्हणाले, पुन्हा आत गेले. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. मग सर दारात आले आणि हळू आवाजात म्हणाले, "कशाबद्दल करतायत?"

मी खरं ते सांगितलं. त्या माणसाशी दुसरं काही बोलताच येत नाही.

सर गॅलरीतल्या स्टुलावर बसले. काकू मागं झब्बा हातात घेऊन उभ्या होत्या. मग काकूच तडकल्या. "घ्या की ती शाल! जन्मभर आपली माणसं, आपली माणसं करून झुरलात. कशासाठी का देईनात, देतायत ना? दोन शब्द गोड बोला आणि घरी या. जगात सगळे असंच करतात."

"हौ," सर म्हणाले. "जाईन."

आठवडाभर मला धड झोप नाही. एकीकडं बाबा, ते हॉल भरणार म्हणून हवेत. नव्या कार्यकारिणीत पुन्हा चिटणीस व्हायची त्यांची इच्छा होती आणि हा सत्कार त्यांनीच भांडून मंजूर करून घेतला होता. दुसरीकडं सर. त्यांना फोन केला की पलीकडून नुसता पावलांचा आवाज. "सर, काय बोलणार?" "बघू." "सर, बाबांची अडचण होईल असं काही..." "अगं बघू म्हणतो ना!" आणि फोन बंद.

हॉल खरंच भरला. जुनी जामबाग-सुलतान बाजारची मंडळी पुढं, हायटेक सिटीकडची पुण्या-मुंबईची तरुण जोडपी मागं, पोरं मोबाइलवर. मसालेभाताचा वास आतपर्यंत येत होता. सर सिल्कच्या झब्ब्यात. इतके देखणे दिसत होते की काकूंनी पदराआडून बोटं मोडून त्यांची दृष्ट काढली.

अध्यक्षांनी ओळख करून दिली आणि म्हणाले, आधी ती गाजलेली क्लिप पाहू. पडद्यावर सर मोठ्ठे झाले, "पंखे के नीचे पडको रहते" म्हणाले आणि हॉल हसला. "अम्मी का नाम" म्हटल्यावर टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी मारली. स्टेजवरचे सर मान खाली घालून टेबलाची कड बोटांनी चोळत होते. ज्यांच्या घरात ते हे बोलले होते तिथं हे ऐकताना कुणी हसलं नव्हतं. तिथल्या एका मुलानं त्यांना फोन करून सांगितलं होतं, की सर, मी अम्मीचं नाव यादीत घातलं. हे हॉलमध्ये फक्त मला आणि काकूंना ठाऊक होतं.

सत्काराआधी दोन शब्द, असं ठरलेलं. सर माइकसमोर आले.

"आज तुम्ही मला प्रेमानं बोलावलंत. मी आज कुणालाही बोल लावणार नाही. आज मी फक्त तारीफ करणार," सर म्हणाले. टाळ्या. बाबांनी माझ्याकडं बघून भुवया उडवल्या, बघ, असं.

"तारीफ माझ्या घरमालकांची. रेल्वेत गार्ड होते. मी तारनाक्याला घर बघायला गेलो तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, पुस्तकं किती आहेत, माळा पेलवेल ना? बास. दुसरं काही विचारलं नाही. त्यांची बेगम, तिची तारीफ. माझी आई आमच्याकडं अंथरुणाला खिळली होती. बेगम रोज दुपारी वर यायची, आईजवळ बसायची. माझ्या आईनं त्यांच्या हातचं पाणीसुद्धा कधी घेतलं नाही. बेगमला ते कुणी सांगितलं नव्हतं. तिचं तिनं ओळखलं. म्हणून ती केळी आणायची, संत्री आणायची. अख्खी. न सोललेली. टोपली आईच्या हाताशी ठेवायची आणि म्हणायची, आप अपने हाथ से छील लो अम्मा. आईला बरं वाटावं म्हणून. वर्षभर आणली तिनं फळं. एकदाही चेहरा वाकडा केला नाही."

हॉलमध्ये पंखेच ऐकू येत होते.

"ही तारीफ आहे त्यांची," सर म्हणाले. "आपल्या बाजूचं काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा. मी आज बोल लावणार नाही म्हणालो आहे."

पुढून एक वयस्क गृहस्थ उठले, ते सरळ मसालेभाताकडं गेले. त्यांच्यामागं आणखी काही. मधूनच कुणीतरी ओरडलं, "सर, क्लिपमधलं बोला ना! त्या मतदानाचं!"

"ते त्यांच्या घरचं आहे," सर म्हणाले. "तिथं बोललो. परत बोलेन. इथं नाही."

"म्हणजे तुम्ही आमचे का त्यांचे?"

हा आवाज मागून आला, तरुण होता. सरांनी आवाजाच्या दिशेनं पाहिलं.

"तुमचा आहे रे बाबा! तुमचा नसतो तर इतकी वर्षं तुम्हाला बोललो असतो का? परक्याला कोण बोलतं? आणि त्यांनाही बोलतो, म्हणजे त्यांचाही आहे. दोन्हीकडं बोलणी खातोय ती काय हौस म्हणून?"

अध्यक्ष लगबगीनं पुढं आले. वेळेअभावी सत्काराचा औपचारिक भाग आपण भोजनानंतर घेऊ, म्हणाले. भोजनानंतर कुणी काही घेतलं नाही. शाल प्लॅस्टिकच्या पिशवीत टेबलावरच राहिली. काकूंना माझ्या आईनं जेवायला बसवून घेतलं. सर जेवले नाहीत, ते गेटाबाहेर जाऊन फुटपाथवर फेऱ्या मारायला लागले. बाबांचा चेहरा काळाठिक्कर. तरी बोलावलेल्या माणसाला एकटं कसं सोडायचं, म्हणून त्यांनी ऑटो थांबवला. आत बाबा, मध्ये मी, कडेला सर.

कोठी मागं पडली आणि बाबा फुटले. "इतक्या वर्षांनी बोलावलं होतं हो तुम्हाला! भांडलो मी त्यासाठी. काय बिघडलं असतं? दोन शब्द गोड बोलायचे, शाल घ्यायची, मोकळं व्हायचं! माझं तोंड काळं केलंत तुम्ही आज."

सर बाहेर बघत होते. "मला पाहिजे होती ती शाल," ते म्हणाले. "खरंच सांगतो. फार पाहिजे होती."

आणि हा माणूस, ज्याला मी शिव्यांच्या फोनवर खो खो हसताना पाहिलं होतं, ऑटोत रडायला लागला. लपवलं नाही, तोंड फिरवलं नाही. ऑटोवाल्यानं आरशात पाहिलं आणि गाणं बंद केलं. मी नुसता त्यांचा हात धरून बसले.

"मग घ्यायची होती ना!" बाबांचा आवाज आता वेगळा झाला होता.

"त्यांना हसल्याबद्दल मिळालेली शाल घेतली असती, तर उद्या त्यांच्याकडं कोणत्या तोंडानं गेलो असतो?"

"जाऊ नका ना मग! कोण सांगतंय जायला?"

"मग त्यांना बोलणार कोण? तुम्ही? तुम्ही तर नुसते हसता."

तारनाक्याला सर उतरले, आम्ही वर या म्हणतील म्हणून थांबलो, पण ते "बरं" एवढंच म्हणून भराभर गल्लीत गेले. मंडळानं त्यांना परत बोलावलं नाही. नव्या कार्यकारिणीत बाबा चिटणीस झाले नाहीत.

पण ते नंतर. त्या दिवशी परतीच्या वाटेवर बाबांनी खिशातून फोन काढला. चष्मा कपाळावर सरकवून, फोन डोळ्यांजवळ नेऊन ते बराच वेळ मंडळाचा ग्रुप वर-खाली करत होते. मला वाटलं, अध्यक्षांना काहीतरी उत्तर लिहितायत.

मग फोन माझ्यापुढं धरला. "अगं, मी टाकलेली ती क्लिप," ते म्हणाले, "सगळ्यांच्या फोनमधून परत काढता येते का?"

"आता नाही येत, बाबा," मी म्हटलं.